‘जुना आणलाय काय?’ विचारणारं काउंटर

बेळगावात पी.बी. रोडला लागून एका बोळात हे गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकांना ते चालत नाही. "आधीच गर्दी आवरंना झालीय, आणि कशाला?" म्हणाले. त्या भागातल्या कुठल्याही मेस्त्रीला ‘मामांचं काउंटर’ विचारा, तो बोट दाखवेल. आमचे दोन छोटे हत्ती (टाटा एस टेम्पो) कडोलीची भाजी घेऊन जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरतात आणि गोव्यात माल टाकून परत चढतात. असल्या धंद्यात पार्ट लागतातच. बेळगावातली बरीच काउंटरं बघून झाल्यावर मी इथं टिकलोय.

बाकी ठिकाणी तुम्ही मागाल ते फळीवरून काढून देतात. मामा आधी विचारतात, "जुना आणलाय काय?" नसेल तर चासी नंबर. तोही नसेल तर बाजूला व्हायचं, मागच्याचा नंबर लागतो. नवीन माणसाला हा माजोरीपणा वाटतो. पण कंपन्या चालू मॉडेलमध्येही मधेच पार्ट बदलतात, वरून गाडी तीच दिसते आणि आत क्लचप्लेट वेगळी निघते. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-सिक्स (धुराच्या नव्या नियमातल्या) गाड्यांचं तर सेन्सर, फिल्टर सगळंच निराळं. चुकीचा पार्ट नेऊन गाडी खोलून ठेवल्यावर मेस्त्रीची मजुरी कोण देणार?

आमचा एक ड्रायव्हर सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) आणायला गेला होता, पूर्ण नवीन. मी सोबत होतो म्हणून हे संभाषण ऐकायला मिळालं.

"का बा, जुन्याला काय झालं?"

"मारत नाही मामा."

"मारत नाही म्हणजे? टक्-टक्-टक् करतंय, का एकदाच टक्क करून गप बसतंय?"

"टक्-टक् करतंय."

"आणि दिवे?"

"बारीक होतात."

"मग सेल्फ कशाला नेतोस? आधी बॅटरीचे टर्मिनल घास, मग गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी बघ."

पट्टीचा बोल्ट गंजून पांढरा-हिरवा झालेला. सॅंडपेपर मारला, घट्ट केला, गाडी एका चावीत लागली. मामांची विक्री शून्य. एकच टक्क येऊन गप बसलं असतं आणि दिवे झगझगीत राहिले असते तर सेल्फचा सोलेनॉइड किंवा कार्बन बघावे लागले असते, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. बॅटरीवर संशय असेल तर मीटर लावून बघायची: गाडी रात्रभर उभी असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना 14 च्या आगेमागे. चालू इंजिनवरही आकडा वर चढत नसेल तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या बाजूला, नवीन बॅटरी घालून ती पण बसणार.

ब्रेकच्या बाबतीत मामा जास्तच खवळतात. चोर्ल्याच्या गाड्यांना पाठीमागचे ब्रेक शू लवकर संपतात, म्हणून लोक शू नेतात, घालतात, महिन्याभरात परत हजर. मामा जुना शू हातात घेऊन आधी बोटानं चोळतात. तेलकट लागला तर शू देतच नाहीत, आधी व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबानं शू ढकलणारा) उघडून बघायला लावतात. सिलिंडरची रबरं गळत असतील तर नवीन शू पण भिजणार, त्यात पैसे घालून काय उपयोग. कोरडा आणि जळकट असेल तर ड्रायव्हरकडं बघून विचारतात, "कितव्या गिअरात उतरतोस?" न्यूट्रल म्हणणाऱ्याची सगळ्यांसमोर उतरवतात. ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं हा जुना नियम, पण डिझेल वाचवायच्या नादात पोरं विसरतात. ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापतो, शूवरचा लायनर पकडत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, जुनं झालं की त्याचा उकळण्याचा अंश खाली येतो, आणि नेमका उतारावर पेडल पोकळ होतो. आमच्याकडचा पाऊस बघता दोन वर्षांच्या वर ते ठेवू नये. डब्यावर डॉट थ्री का डॉट फोर (ऑइलचा दर्जा) हे गाडीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय त्याप्रमाणं घ्यायचं, आणि अर्धा डबा उघडा राहिला असेल तर फेकून द्यायचा. अर्धा उघडा डबा मामा स्वतःही विकत नाहीत, हे मी पाहिलंय.

बेअरिंगचं गिऱ्हाईक फक्त गाडीवालं नसतं. बैलहोंगलकडचे शेतकरी मळणी मशीनचं, चंदगडचे लोक गिरणीचं बेअरिंग कागदात गुंडाळून आणतात. मामा एकाशी कन्नडात, दुसऱ्याशी मराठीत बोलत कड पुसून नंबर वाचतात. 6204 असेल तर शेवटच्या 04 ला पाचानं गुणायचं, आतला भोक 20 मिलिमीटर. 6205 चा 25. शेवटी 00 ते 03 असेल तर हे चालत नाही, 6203 चा 17. पुढं दोन झेड असतील तर दोन्ही बाजूला पत्रा, टू-आरएस असेल तर रबर. धूळ-पाण्याच्या जागी रबराचं घ्या म्हणतात.

माल कंपनीचा आणि लोकल दोन्ही मिळतो आणि कुठला कुठला ते आधी सांगतात. वायपर, बल्ब, आरसा लोकल चालतो असं त्यांचं मत. ब्रेक, स्टिअरिंगचे जॉइंट आणि ऑइल फिल्टर लोकल मागितला की तोंड वाकडं. भाव कोल्हापुरापेक्षा फार कमी नाहीत. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झाला, आधी बऱ्याच पार्टना 28 होता, तेव्हा खोक्यावर जुनी छापील किंमत असेल तर नवीन किती ते विचारून घ्या. विचारलं तर कमी करतात, न विचारता नाही.

तक्रारी आहेत. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. इलेक्ट्रिकल माल एकदा नेला की परत नाही, खोका न उघडता आणला तरी, आणि हे मला जरा जास्तच वाटतं. सकाळी गॅरेजवाल्यांची झुंबड असते, दुपारी जेवणानंतर गेलात तर मामा निवांत बोलतात. गाडी बोळात लावू नका, मागं ट्रॅक्टर आला की दोघंही अडकता. फोनवर पार्ट विचारला तर "घेऊन ये" एवढंच उत्तर येतं. काचा, बंपर, हेडलाइट असला बॉडीचा माल ते ठेवतच नाहीत, त्यासाठी दुसरीकडं जावं लागतं.