तालुक्याच्या गावातलं शंभर रुपयांचं थिएटर

आमच्या तालुक्याच्या गावात, सोलापूर जिल्ह्यात, बाजार समितीच्या मागच्या रस्त्याला जुनं एकपडदा थिएटर होतं. बरीच वर्षं ते कुलूप लावून पडलं होतं. त्याच जागेत आता दीडशे खुर्च्यांचं नवं थिएटर उभं राहिलंय. दिवाळीपासून गावी गेले की मी तिथंच चित्रपट बघते, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी पुण्यात चित्रपटांच्या साउंडवर काम करते. डायलॉग एडिटिंग, फोली (पावलांसारखे आवाज स्टुडिओत नव्यानं करणं), कधी मिक्सिंगला मदतनीस. त्यामुळे कुठल्याही थिएटरात गेले की आधी कान लावून बसते, पडदा नंतर.

तिकीट सरसकट १०० रुपये. सकाळचा शो असो की रविवारचा रात्रीचा, पुढची रांग असो की मागची, दर एकच. मालकांनी हा आकडा विचार करून ठरवलाय. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्यावर गेलं की थेट १८. ‘‘दहा रुपये वाढवले तर माझ्या हातात काही पडत नाही ताई, आणि माणूस मात्र दाराशी विचार करायला लागतो,’’ असं ते म्हणाले. मला हा हिशेब पटला.

खुर्च्या चांगल्या आहेत, पाय पसरता येतात. बायकांचं स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ, आतून कडी लागणारं. हे मुद्दाम लिहितेय, कारण तालुक्याच्या थिएटरात घरच्या बायका जातात की नाही हे यावरच ठरतं. खायला वडापाव, शेंगदाणे, चहा, सगळं बाहेरच्या भावात. तिकीट खिडकीवरच्या मावशी म्हाताऱ्या माणसांना आपण होऊन कडेची खुर्ची देतात. दुपारच्या शोला एसी कमी पडतो, उन्हाळ्यात काय होईल माहीत नाही.

आता साउंड. इतक्या लहान हॉलमध्ये भिंतींवर नीट कापड आणि पॅनेल लावलेत, आवाज घुमत नाही. संवाद मधल्या स्पीकरमधून स्वच्छ येतात. आमच्याकडे मराठी चित्रपटाबद्दल कायमची तक्रार असते की बोललेलं कळत नाही. निम्म्या वेळा दोष थिएटरचा असतो, मधला स्पीकर तरी गेलेला असतो किंवा लेव्हल तरी खाली ओढलेली असते. इथं तसं नाही. मी स्वतः काम केलेला एक छोटा चित्रपट इथं लागला होता. नाव घेत नाही, नाहीतर ही जाहिरात होईल. त्यात रात्रीचा एक प्रसंग आहे. म्हातारी अंगणात एकटी बसलीय, लांबून पाण्याच्या मोटरचा आवाज येतोय आणि मध्येच लाइट जाते. मोटर हळूहळू बंद पडते, मग फक्त रातकिडे, तेही मागच्या स्पीकरांतून. शेतातल्या मोटरचा तो विझत जाणारा आवाज मिळवायला आमचा रेकॉर्डिस्ट दोन रात्री शेतावर राहिला होता. इथं मोटर बंद पडली तेव्हा हॉलमधली माणसंही गप्प झाली. माझ्या शेजारची एक बाई पुटपुटली, ‘‘गेली का लाइट.’’ आमच्या कामाला याहून मोठी पावती नाही.

दुसऱ्याच दिवशी आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच चित्रपटाची टेलिग्रामची लिंक आली. कुठल्या तरी हॉलमध्ये फोनवर काढलेली कॉपी होती. तो प्रसंग मी त्यात शोधून ऐकला. फोनचा माइक शांतता आली की आपोआप आवाज वाढवतो, कारण तो बोलणं टिपायला बनवलेला असतो. त्यामुळे मोटर बंद पडते त्याच क्षणी एसीची घरघर, कुणाचं तरी खोकणं आणि वेफर्सच्या पिशवीची चुरचुर एकदम वर येते. रातकिडे नाहीतच. ज्यानं हा चित्रपट असा बघितला त्याला म्हातारी नुसती बसलेली दिसणार, आणि तो म्हणणार ‘‘संथ आहे.’’ फुकट बघणाऱ्यानं चित्रपट तरी बघितला, असं म्हणतात. मला ते मान्य नाही. त्यानं दुसरंच काहीतरी बघितलं, आणि मत मात्र आमच्या चित्रपटाबद्दल दिलं.

या थिएटरचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते फोनच्या बाबतीत. सुरुवातीलाच सूचना देतात, आणि शो चालू असताना एक मुलगा दोन्ही कडांनी फिरत असतो. गाणं लागलं की पोरं स्टेटससाठी फोन वर काढतात. तो जवळ जाऊन हळू आवाजात सांगतो, ‘‘दादा, फोन खाली घ्या.’’ आरडाओरडा नाही, टॉर्च डोळ्यांवर मारणं नाही. एकानं ‘‘तीस सेकंदांनी काय होतंय’’ म्हणून वाद घातला, तर त्याला बाहेर नेऊन समजावलं आणि परत आत बसवलं.

मालकांनी मला प्रोजेक्शनची खोली दाखवली. रिळं कधीच गेली. एका रॅकमध्ये सर्व्हर, त्याचा पंखा सतत सूं सूं करतो, आणि काचेपाशी प्रोजेक्टर. चित्रपट कुलूपबंद फाइल म्हणून येतो. ठरलेल्या तारखांपुरती चावी येते, ती संपली की फाइल असूनही चालत नाही. शिवाय प्रत्येक शोच्या चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण मिसळलेली असते. चोरून काढलेली कॉपी कुठं सापडली, की त्या खुणेवरून कुठलं थिएटर, कुठली तारीख, कुठला शो हे काढता येतं. ‘‘एक कॉपी माझ्या हॉलमधून गेली तर मला पुढचा चित्रपट कोण देणार?’’ त्यांचा हा प्रश्न खरा आहे. मोठ्या साखळी थिएटरला एक पडदा बंद पडला तर चालतं. यांचा हा एकच पडदा.

कायदाही आता कडक आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. थिएटरात चोरून चित्रण केलं तर किमान ३ महिने ते ३ वर्षं कैद, आणि दंड ३ लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्रानं त्याआधीच, २००९ मध्ये, स्थानबद्धतेच्या, म्हणजे खटल्याआधीच डांबून ठेवण्याच्या, कायद्यात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या जोडीला ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ घातल्या होत्या. कायदे हवेतच. पण आमच्या बाजारातल्या पायरेटेड सीडींना खरा धक्का बसला तो मोझर बेअर या सीडी बनवणाऱ्या कंपनीनं २००७ च्या सुमाराला २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली तेव्हा. स्वच्छ प्रिंट, वर छापील कव्हर, आणि दर चोरीच्या सीडीच्या आसपास. तेव्हा आमच्या घरात विकतच्या सीडींचा गठ्ठा झाला होता. लोकांना चोरीचं आकर्षण नसतं. जवळ मिळणारं आणि परवडणारं हवं असतं.

ग्रुपवर ती लिंक माझ्या चुलत भावानं टाकली होती. त्याला मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘‘आक्का, सोलापूरला जायचं म्हणजे गाडीचं पेट्रोल, चौघांची तिकिटं, पोरांचं खाणं. दीड हजाराला हात.’’ त्याचं म्हणणं खोटं नाही. ज्या गावाला थिएटर नाही, तिथल्या माणसाला चोर म्हणण्याआधी आमच्या धंद्यानं आपली वितरणाची व्यवस्था तपासावी. जुन्या मराठी चित्रपटांबद्दल तर मी आणखी पुढं जाईन. कित्येक चित्रपट आज कुठंच पैसे देऊन बघता येत नाहीत. हक्क कुणाकडे तरी अडकलेत, प्रिंट कपाटात. कुणी असा चित्रपट घरच्या व्हिडिओ टेपवरून नेटवर चढवला, तर मला राग येत नाही. ती टेप नसती तर तो चित्रपट गेलाच होता.

शुक्रवारी आलेल्या चित्रपटाची शनिवारची लिंक मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिथं मी भावालाही सूट दिली नाही. मराठी चित्रपटाला आधीच शो मोजके मिळतात, तेही अडनिड्या वेळेला. शनिवार-रविवारची गर्दी बघून सोमवारी शो ठेवायचे की काढायचे ते ठरतं. त्या दोन दिवसांत तालुक्यातली शंभर माणसं लिंकवर गेली, तर हिंदी चित्रपटाला कळतही नाही, आमचा मात्र दुसरा आठवडा जातो. दुसरा आठवडा गेला की चॅनेल आणि ओटीटीवाले भाव पाडतात. आणि छोट्या निर्मात्यानं लाइटमनचे, मेकअपवाल्यांचे, आमच्यासारख्यांचे राहिलेले हप्ते त्या विक्रीवर टाकलेले असतात. हिरोचे पैसे सहसा आधी मिळालेले असतात. पायरसीनं ‘मोठ्यांचं’ नुकसान होतं, या समजुतीवर बरीच माणसं निर्धास्त लिंक पुढं ढकलतात, म्हणून हे लिहिलं.

ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना यांच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या पायरसीची उलाढाल २०२३ साली २२,४०० कोटी रुपये धरलीय, त्यातले १३,७०० कोटी थिएटरमधून चोरलेल्या चित्रपटांचे. असे आकडे मी जरा हात राखूनच घेते. फुकट बघणारा प्रत्येक जण तिकीट काढणार होता असं नाही. पण निम्मं बाजूला काढलं तरी रक्कम लहान होत नाही.

गळती आमच्या बाजूनंही होते, हेही सांगायला हवं. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या आधीच बाहेर आला, तेव्हा त्या कॉपीवर सेन्सॉरसाठीची खूण होती. कुठल्या तालुक्यातल्या पोरानं तो फोनवर काढला नव्हता. आता स्टुडिओत आम्हाला मिळणाऱ्या चित्रावर स्टुडिओचं नाव आडवं छापलेलं असतं, कामाच्या मशीनला इंटरनेट नसतं, फोन बाहेर ठेवावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण ते पाळणं आमचं काम आहे.

भाऊ पुढच्या रविवारी काकूला आणि पोरांना घेऊन या थिएटरात आला. चौघांचे चारशे, वडापाव वेगळे. काकूनं बऱ्याच वर्षांनी पडद्यावर चित्रपट बघितला. ग्रुपवर लिंक टाकणं त्यानं थांबवलंय का, ते मी विचारलं नाही.

सुधारायला हव्यात अशा दोन-तीन गोष्टी. डाव्या भिंतीवरचा मागून दुसरा स्पीकर बंद आहे. मी मालकांना दाखवला, त्यांनी वहीत लिहून घेतलं. जाहिरातींचा आवाज चित्रपटापेक्षा बराच मोठा असतो, लहान मुलं दचकतात, तो खाली आणा. आणि मराठी चित्रपट फक्त दुपारी साडेबाराला लावू नका. शेतावरून आणि दुकानातून माणूस मोकळा होतो संध्याकाळी. सहाचा एक शो दोन आठवडे मराठीला देऊन बघा, असं मी त्यांना सांगितलंय. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

जाणार असाल तर मधल्या चार रांगांत बसा, साउंड तिथं सगळ्यात चांगला आहे. ऑनलाइन बुकिंग नाही. खिडकीवर फोन केला की मावशी नाव लिहून घेतात आणि शोच्या पंधरा मिनिटं आधीपर्यंत खुर्ची धरून ठेवतात. रविवारी संध्याकाळी गर्दी असते, तेव्हा सकाळीच फोन करा. गाडी बाजार समितीच्या आवारात लावता येते, फक्त लिलावाच्या दिवशी नाही.