पाम थ्री-एक्सई: सेल कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवू नयेत

पाम थ्री-एक्सई हे २००० सालचं, खिशात मावणारं डायरीवजा हातातलं यंत्र. १६० बाय १६० ठिपक्यांचा राखाडी पडदा, १६ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ड्रॅगनबॉल प्रोसेसर, ८ एमबी रॅम आणि मागच्या झाकणाखाली टीव्हीच्या रिमोटला लागतात तसले दोन ट्रिपल-ए सेल. चार्जिंगची सोय नाही, क्रेडलमध्ये (कॉम्प्युटरला जोडायच्या स्टँडमध्ये) ठेवलं तरी नाही. काही महिने रोजच्या वापरात ठेवल्यावरचं मत आधीच सांगतो: भेटीगाठी, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं एवढ्यापुरतं वापरलं तर चांगला अल्कलाइन जोड महिनाभर आरामात जातो. आठवड्यातच सेल बसत असतील तर यंत्र क्वचितच बिघडलेलं असतं. बहुतेक वेळा एखादं सेटिंग किंवा एखादा प्रोग्राम त्याला झोपू देत नसतो.

जुनं यंत्र घेणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते, म्हणून तीच पहिल्यांदा. यातला सगळा मजकूर रॅममध्ये राहतो. 'बंद' केलेलं पाम खऱ्या अर्थाने बंद नसतंच. रॅम जिवंत ठेवायला आणि घड्याळ चालवायला ते सेलमधून थोडा थोडा करंट घेत राहतं. सेल पूर्ण संपले की पत्ते, टिपणं, बाहेरून टाकलेले प्रोग्राम, सगळं पुसलं जातं आणि यंत्र दुकानातून आणल्यासारखं कोरं उघडतं. मोबाइलची बॅटरी शून्यावर गेली तर फोन बंद पडतो, फोटो जात नाहीत. इथे तसं नाही. त्यामुळे सेल वाचवणं म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत पिळणं नव्हे. कमी बॅटरीची सूचना पहिल्यांदा आली की जोड बदलायचा. काढलेले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये टाका, तिथे ते आणखी कित्येक महिने चालतील.

आता खर्च कुठे होतो ते. पाम ओएसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ प्रणालीत, प्रोसेसरच्या तीन अवस्था आहेत. काम चालू असताना जागा. पडदा दिसतोय पण तुम्ही काहीच करत नाही आहात, तेव्हा डुलकी: प्रोसेसर थांबतो आणि पुढचा टॅप होईपर्यंत फारसं काही खात नाही. आणि पडदा बंद असताना झोप. टिपण उघडं ठेवून विचार करत बसलात तर यंत्र बहुतांश वेळ डुलकीतच असतं. म्हणजे पडदा किती मिनिटं चालू होता यापेक्षा कोणता प्रोग्राम समोर होता, याने जास्त फरक पडतो. सेकंदकाटा फिरवणारं घड्याळ, हलती चित्रं असलेला खेळ, आपोआप सरकणारा ई-बुक वाचक, हे प्रोग्राम प्रोसेसरला डुलकी घेऊ देत नाहीत. शिवाय यातले काही ऑटो-ऑफचा काळ सारखा मागे ढकलतात, त्यामुळे दोन मिनिटांत बंद व्हायला हवं ते यंत्र टेबलावर तासभर चालू राहतं. नवा प्रोग्राम टाकला की एकदा नुसतं बघत बसा: हात न लावता ते ठरल्या वेळी बंद होतं का? नसेल होत तर तो प्रोग्राम वापरून झाल्यावर मेमो पॅडमध्ये (टिपणांच्या प्रोग्राममध्ये) या आणि मगच यंत्र खाली ठेवा.

ऑटो-ऑफ प्रेफरन्सेसमध्ये (सेटिंग्जच्या प्रोग्राममध्ये), उजव्या कोपऱ्यातल्या यादीतून 'जनरल' निवडल्यावर सापडतो. मूळ सेटिंग दोन मिनिटांचं असतं; ते एक मिनिट करा. वाचताना मधेच बंद पडलं तर चालू-बंदचं हिरवं बटण दाबल्याबरोबर होतात त्याच पानावर येता, तेव्हा त्रास काहीच नाही. याच पानावर क्रेडलमध्ये असताना चालू ठेवण्याचा पर्याय दिसत असेल तर त्याची खूण काढून टाका. तो पर्याय आतल्या बॅटरीला क्रेडलवर चार्ज करणाऱ्या पाम फाइव्हसारख्या मॉडेलांच्या कामाचा. थ्री-एक्सईला क्रेडल वीज देत नाही. यंत्र रात्रभर तिथे जागं राहिलं तर सगळा भार दोन सेलांवर.

बीम रिसीव्ह, म्हणजे दुसऱ्या यंत्राकडून इन्फ्रारेडने मजकूर घेण्याची सोय, तीही तिथेच आहे. ती बंद करावी असं सगळे सांगतात. करा, पण त्याने महिना दीड महिन्यावर जाईल अशी आशा नको. इन्फ्रारेडचा कान यंत्र चालू असतानाच उघडा असतो आणि त्याचा खर्च किरकोळ. कुणाकडून काही घ्यायचं झालंच तर ग्रॅफिटीत (पडद्याखालच्या चौकोनात पेनने अक्षरं काढायच्या लिपीत) शॉर्टकटची खूण, दोन टॅप आणि आय एवढं लिहिलं की तेवढ्यापुरतं रिसीव्ह चालू होतं.

बॅकलाइट मात्र खराखुरा खादाड. पडद्यामागचा इलेक्ट्रोल्युमिनेसंट पत्रा उजळायला सेलांच्या तीन व्होल्टमधून बराच जास्त व्होल्टेजचा एसी बनवावा लागतो. खोली शांत असेल तर त्या सर्किटची बारीक 'चीं' ऐकूही येते. हिरवं बटण दोनेक सेकंद दाबून धरलं की लाइट लागतो, पुन्हा धरलं की जातो. घोळ होतो तो दुसऱ्या वाटेने. लिहिण्याच्या चौकोनातून पेन थेट पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत ओढल्यावर काय व्हावं हे ठरवण्याची सोय प्रेफरन्सेसच्या 'बटन्स' पानावर, 'पेन' या बटणाखाली आहे. तिथे 'बॅकलाइट' निवडलेलं असेल तर घाईत लिहिताना एखादी लांब रेघ वर जाते आणि लाइट लागतो. भर दुपारी उन्हात तो लागलाय हे कळतसुद्धा नाही. तिथे 'ग्रॅफिटी हेल्प' निवडा. चुकून आलं तरी अक्षरांचा तक्ता समोर येतो, सेल खात नाही. पडदा फिका वाटतोय म्हणून लाइट लावण्याची सवयही मोडा. आधी कॉन्ट्रास्ट थोडा वाढवून बघा.

अलार्मकडे कुणाचं लक्ष जात नाही. डेट बुकमधल्या (भेटीगाठींच्या प्रोग्राममधल्या) प्रत्येक आठवणीला यंत्र झोपेतून उठतं, पडदा लावतं, वाजतं आणि ऑटो-ऑफची वाट बघत बसतं. डेट बुकच्या प्रेफरन्सेसमध्ये आठवण किती वेळा आणि दर किती मिनिटांनी द्यायची ते ठरवता येतं. यंत्र कपाटात पडलेलं असताना प्रत्येक कामाची आठवण पाच-पाच मिनिटांनी दहा-दहा वेळा होत असेल तर रोज बराच वेळ पडदा उगाच चालू राहतो. एकदा किंवा दोनदा पुरे. वाजल्यावर 'ओके' करून बटणाने बंद करा.

बॅगेतला प्रकार तसाच. समोरची चारही बटणं यंत्र चालू करतात. वहीचा कोपरा एखाद्या बटणावर टेकला तर ते पुन्हा पुन्हा जागं होत राहतं. बॅगेतून यंत्र काढताना ते अनेकदा चालूच सापडत असेल तर कव्हर बदला, किंवा बटणं मोकळी राहतील अशा कप्प्यात ठेवा.

सिरियल पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरशी किंवा जोडणीच्या वस्तूंशी बोलायची वाट, उघडा राहिला की सेल भराभर उतरतात. हॉटसिंक (कॉम्प्युटरशी मजकुराची देवाणघेवाण) झालं की यंत्र क्रेडलमधून उचला. क्रेडलच्या बटणाला नुसता धक्का लागला तरी सिंक सुरू होतं, आणि समोर कॉम्प्युटर बंद असला तरी पोर्ट उघडतो. घडीचा कीबोर्ड जोडत असाल तर तोही वीज पामकडूनच घेतो. लिहून झालं की कीबोर्ड काढणं पुरेसं नाही, त्याच्या ड्रायव्हरमधला चालू-बंद पर्यायही बंद करा. पामचा क्लिप-ऑन मोडेम यातून सुटलेला, त्यात त्याचे स्वतःचे वेगळे सेल असतात.

आणि ते छुपे शॉर्टकट! शॉर्टकटची खूण, दोन टॅप आणि १ किंवा २ लिहिलं की यंत्र डीबग करण्याच्या (प्रोग्राममधल्या चुका शोधण्याच्या) अवस्थेत जातं आणि सिरियल पोर्ट उघडा पडतो. ३ लिहिलं तर ऑटो-ऑफच बंद. जुन्या यंत्रात आधीच्या मालकाने हे उद्योग करून ठेवलेले असू शकतात. सेल अचानक उतरायला लागले आणि कारण सापडेना तर आधी एक सॉफ्ट रीसेट मारा: मागच्या बारीक भोकात पिन दाबायची. मूळ धातूचा स्टायलस (लिहिण्याचा पेन) असेल तर त्याचं टोपण पिळून उघडा, पिन आतच आहे. मजकूर जात नाही. हिरवं बटण दाबून ठेवून रीसेट मात्र चुकूनही करू नका, तो हार्ड रीसेट, सगळं पुसणारा.

हॅकमास्टर या जोड-प्रोग्रामवर चालणारं, वेग वाढवणारं आफ्टरबर्नर टाकून प्रोसेसर पळवणारे लोक 'काम लवकर संपतं, मग डुलकी लवकर' असं म्हणतात. मोठ्या यादीत शोध घेताना त्यात थोडं तथ्य आहे. पण खेळांसारखे प्रोग्राम प्रोसेसरला मोकळं सोडतच नाहीत, तिथे फक्त खर्च वाढतो, आणि जास्त वेगावर यंत्र अडकून रीसेट मागतं. या यंत्राला त्याची गरज नाही.

आता सेल कोणते. लाल वेष्टनातले स्वस्त झिंक-कार्बन सेल यात घालूच नयेत. क्षमता कमी, आणि उतरल्यावर पाणी सुटण्याची खोड. अल्कलाइन सगळ्यात बिनधोक, कारण त्यांचा व्होल्टेज हळूहळू उतरतो: पडद्यावरचा बॅटरीचा मीटर खरं सांगतो आणि सूचना आल्यावरही रॅम टिकवायला पुरेसं बळ उरतं. रिचार्जेबल हवेत तर निकेल-मेटल हायड्राइड चालतात, पण त्यांचा स्वभाव समजून. त्यांचा व्होल्टेज सेलमागे १.२, मीटर अल्कलाइनच्या हिशेबाने वाचतो, म्हणून ताजा चार्ज केलेला जोडही अर्धा दिसतो. नंतर बराच काळ तो तिथेच थांबतो आणि शेवटी धाडकन पडतो, म्हणजे सूचना आल्यानंतर हाताशी वेळ थोडा. शॉर्टकटची खूण, दोन टॅप आणि ७ असं लिहिलं की यंत्राला सेलचा प्रकार बदलून सांगता येतो आणि निवडलेला प्रकार पडद्यावर उमटतो. ७ मात्र उजवीकडच्या अंकांच्या भागात लिहा, नाहीतर अक्षर उमटेल. रीसेटनंतर हे सेटिंग पुन्हा तपासा.

साधे निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसते पडून राहूनही उतरतात, आणि महिनाभर चालणाऱ्या यंत्रात हीच गळती डोकेदुखी ठरते. २००५ मध्ये सान्योने आणलेल्या एनेलूपसारखे कमी गळतीचे सेल घ्या. ट्रिपल-ए आकारात त्यांच्यावर साधारण ७५० ते ८०० एमएएच (सेलची क्षमता) लिहिलेलं असतं. जास्त मोठा आकडा छापलेल्या सेलांच्या मागे लागू नका. दर पंधरा-वीस दिवसांनी, सूचनेची वाट न पाहता, दुसरा भरलेला जोड घाला.

हल्ली यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. टॉर्चला झकास, पण या यंत्रात ते घातक. त्यांच्या आतलं सर्किट शेवटपर्यंत दीड व्होल्ट देतं आणि मग एकदम शून्य. मीटर भरलेला दिसत असतानाच रॅम पुसली जाते, सूचना येतच नाही. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे सेल घातले तर बोर्डच जळू शकतो.

सेल बदलताना आतला कॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) रॅमला साधारण एक मिनिट धरून ठेवतो. आधी हॉटसिंक करा. आजच्या कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट नसतो. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आणि लिनक्सवर पायलट-लिंक हा सिंकचा प्रोग्राम यांनी काम भागतं. मग यंत्र बंद करा, नवे सेल टेबलावर योग्य दिशेने मांडून ठेवा, झाकण उघडा, दोन्ही काढा, दोन्ही घाला. 'एक काढून एक घाला, म्हणजे मजकूर जात नाही' हा सल्ला निरुपयोगी. दोन्ही सेल एकामागे एक जोडलेले असतात, एक काढला तरी सर्किट तुटतंच. उलट अशाने वेळ जास्त लागतो. जुना-नवा जोड मिसळायचा नाही हे वेगळं सांगायला नको.

इतक्या वर्षांनी तो कॅपॅसिटर दमलेलाही असतो. बॅकअप घेऊन एकदा मुद्दाम सेल काढा, वीस सेकंदांनी परत घाला. मजकूर जागेवर असेल तर ठीक. नसेल तर यापुढे प्रत्येक बदलानंतर पुन्हा सिंक करायचं गृहीत धरा. या मॉडेलमध्ये फ्लॅश रॉम (वीज नसतानाही मजकूर टिकवणारी मेमरी) आहे, आणि टीआरजी कंपनीच्या फ्लॅशप्रोसारख्या प्रोग्रामने त्यातल्या रिकाम्या जागेत पत्ते आणि टिपणं ठेवता येतात. सेल संपले तरी ती राहतात. जागा थोडी असते, तेव्हा खेळ तिथे भरू नका.

चांगले सेल असूनही यंत्र आपटल्यावर किंवा झाकण दाबल्यावर रीसेट होत असेल तर दोष स्प्रिंगांचा. सेल काढून स्प्रिंग बारीक चिमट्याने मिलिमीटरभर ओढून घ्या. काही रिचार्जेबल सेलांची वरची टोपी बुटकी असते, त्यांना हे हमखास लागतं. संपर्काच्या पट्ट्या खोडरबराने घासून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. अल्कलाइन सेल पाझरून पांढरा थर आला असेल तर तो क्षार असतो: कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या, फसफसणं थांबेपर्यंत पुसा, मग अल्कोहोल. झिंक-कार्बनचं पाणी आम्लधर्मी असल्यामुळे तिथे लिंबू नको, खायच्या सोड्याची पातळ पेस्ट. काडी ओली असावी, ओथंबलेली नको. बोर्ड लागूनच आहे. महिन्यापेक्षा जास्त काळ यंत्र वापरायचं नसेल तर बॅकअप घेऊन सेल काढूनच ठेवा.