पगाराची लूट की परतलेला सम्राट?

साताऱ्यात घरबसल्या स्टार वॉर्स बघायचं, तर एकीकडे 2019 चा सिनेमा 'द राइज ऑफ स्कायवॉकर', दुसरीकडे 2022 ला सुरू झालेली 'अँडोर' मालिका.

सिनेमात, आधीच्या भागात मेलेला दुष्ट साम्राज्याचा सम्राट पॅल्पटिन परत येतो. कसा, ते जाता जाता उरकलंय. त्याच्या ताफ्यातलं एकेक जहाज अख्खा ग्रह उडवू शकतं, त्यामुळे कुठल्याच ग्रहाचं वाईट वाटत नाही. मारामाऱ्या मात्र झकास, पोरं खूश.

'अँडोर'च्या पहिल्या सीझनमध्ये लाइटसेबर, म्हणजे स्टार वॉर्सची ती प्रकाशाची तलवार, निघतच नाही. आल्धानी ग्रहावर बंडखोर साम्राज्याच्या फौजेचा पगार लुटतात, कारण बंडालाही पैसा लागतो. हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको. 7 जून 1943 ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीला रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम पळवली होती! मालिकेत पुढं साम्राज्याच्या तुरुंगात कैदी रात्रंदिवस यंत्राचे भाग जोडतात, कशाचे ते त्यांनाच ठाऊक नसतं. ते बघताना खरी भीती वाटते. पहिले तीन भाग संथ आहेत, तेवढे सोसा.

मला विचाराल तर 'अँडोर'च. सिनेमा काय, मोबाईल चाळत बघितला तरी कळतो.