सिकलसेल तपासणी ते उपचार: आशाताईंच्या सेवेचा हिशेब

विदर्भातल्या खेड्यांत सिकलसेलची (आईवडिलांकडून येणाऱ्या, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या रक्ताच्या आजाराची) पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात, बोटातल्या रक्तावर होते. इथपर्यंत सेवा चोख. आशाताई वाडीवस्तीवरून माणसं गोळा करतात आणि नावं वहीत चढवतात.

खरी कसोटी पुढे. ही पहिली, म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक (एएस, दोष एकाच पालकाकडून आलेला) की रुग्ण (एसएस, दोघांकडून आलेला), हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या) लागते, आणि नमुना जातो जिल्ह्याला. अहवाल अडकतो तो इथेच. वहीत माहेरचं नाव, नमुन्यावर सासरचं. किंवा कुटुंब मजुरीला बाहेर. ज्या आशाताई नमुन्याची तारीख आणि दोन मोबाईल नंबर टिपतात, त्यांच्या गावात हा गोंधळ कमी. सहा महिन्यांखालच्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नये. आणि अलीकडे रक्त चढवलं असेल तर ते एचपीएलसीच्या चिठ्ठीवर लिहून द्यावं.

रुग्णाला रोज फॉलिक ॲसिड, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सीयुरिया (वेदनेचे झटके कमी करणारं औषध). हायड्रॉक्सीयुरिया सुरू असताना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वेळोवेळी हवीच, आणि पाठपुरावा ढिला पडतो तो नेमका यातच. गोळ्या मिळतात, तपासणी राहते.

अपंगत्व प्रमाणपत्र (२०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे) आणि एसटी बसच्या सवलतीची कागदपत्रं करून देणारा समाजसेवक जिथे आहे, तिथे सेवेला पाचपैकी चार गुण. नसेल तिथे अडीच. लग्नाआधीचं समुपदेशन मात्र बहुतेक ठिकाणी पत्रक हातात देण्यापुरतंच.