सदरमधलं बगदादी हॉटेल: मासा आधी सांगून ठेवा

नागपूरच्या सदर भागात एका आतल्या गल्लीत सहा टेबलांचं हे हॉटेल आहे. जायचं ते मसगूफसाठी, म्हणजे जाळाशेजारी भाजलेल्या माशासाठी. बगदादला टायग्रिसकाठी अबू नुवास रस्त्यावर हा मासा खातात. तिकडे कार्प लागतो, इथे मंगळवारी या बाजारपेठेतून आणलेला कटला असतो. पोटाकडून न चिरता पाठीकडून चिरतात, पुस्तकासारखा उघडतात, मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून जाळाच्या बाजूला उभा करतात. आच खालून नाही, शेजारून लागते, म्हणून तासभर तरी जातो. लाकूड काटोलकडच्या जुन्या संत्र्याच्या झाडांचं. कड कुरकुरीत होते आणि आतला मासा रसदार राहतो.

सावजीची सवय असेल तर पहिला घास फिका वाटेल. तिखट मागू नका. सोबत अंबा म्हणून कैरीचं पिवळंधमक, मेथीच्या वासाचं लोणचं देतात, ते लावून खा. बामिया, म्हणजे भेंडी घातलेला मटणाचा रस्सा, जरूर मागवा. सुकं लिंबू घातल्यामुळे त्याला छान आंबटपणा येतो आणि भेंडी जराही चिकट होत नाही. डोल्मा, म्हणजे सारण भरलेली पानं आणि भाज्या, मला जास्त आंबट लागला. चहा काळा, वेलचीचा, बारक्या कमरेच्या पेल्यात.

मालकांना सगळे चाचा म्हणतात. बगदादच्या कर्रादा भागातले. ऐंशीच्या दशकात पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला आले, नागपूरच्या मुलीशी लग्न केलं, परत गेले आणि 2006 साली बायकोमुलांना घेऊन इकडे आले. हॉटेलचा परवाना बायकोच्या, म्हणजे ताईंच्या नावावर, गल्ल्यावरही त्याच. भिंतीवर जुन्या बगदादचा एक फोटो आहे. इमामाचा, नेत्याचा, झेंड्याचा एकही नाही. शुक्रवारी संध्याकाळी इथे शिकणारी इराकी मुलं येतात. त्यात शिया आहेत, सुन्नी आहेत, एक कुर्द आहे, आणि सगळे एकाच ताटात जेवतात.

माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली, त्यामुळे मी चाचांना पहिला प्रश्न विजेचाच केला. ओपेक या तेल विकणाऱ्या देशांच्या गटातला दुसऱ्या क्रमांकाचा तेल उत्पादक देश, आणि घरात वीज नाही, असं कसं? त्यांनी सांगितलं ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. सरकारी लाइन काही तास येते. बाकी वेळ गल्लीतल्या खाजगी जनरेटरवाल्याकडून अँपिअरच्या हिशेबानं वीज विकत घ्यायची. पाच अँपिअर घेतले तर 220 व्होल्टला जेमतेम 1,100 वॅट होतात. त्यात फ्रिज, पंखे, दिवे चालतील, एसी नाही. आणि बसऱ्याला उन्हाळ्यात पारा 50 अंशांवर जातो. तेलाबरोबर निघणारा गॅस विहिरींवर जाळून टाकतात आणि वीज केंद्रांसाठी इराणकडून गॅस विकत घेतात. कोराडीच्या वीज केंद्राची राख आमच्या अंगणात पडायची आणि लोडशेडिंगही आमच्याच वाट्याला यायचं, ते दिवस मी पाहिलेत. पण निदान आमचे ग्राहक आमच्या दारात येऊन भांडत होते, आणि आम्हाला उत्तर द्यावं लागत होतं.

तिथे उत्तर कोण देणार? 2003 नंतर सत्ता पंथांच्या हिशेबानं वाटली गेली. पंतप्रधान शिया, राष्ट्रपती कुर्द, संसदेचा सभापती सुन्नी. खाती पक्षांना, खात्यांतल्या नोकऱ्या पक्षाच्या माणसांना. या वाटणीला ते मुहासासा म्हणतात. मंत्री पक्षाला जबाबदार असतो, अंधारात बसलेल्या बाईला नाही.

जानेवारी 2005 मध्ये चाचांनी जांभळ्या शाईत बोट बुडवून मत दिलं होतं, 169 क्रमांकाच्या शिया पक्षांच्या यादीला. मेणबत्ती हे तिचं चिन्ह. "सद्दाम गेला, आता देवाला भिणारी माणसं येतील असं वाटलं." फेब्रुवारी 2006 मध्ये सामर्रातल्या शियांच्या दर्ग्यात स्फोट झाला आणि त्यानंतर नाव विचारून, त्यावरून शिया की सुन्नी ते ठरवून माणसं मारली जाऊ लागली. चाचांची आई सुन्नी. त्यांनी घर सोडलं.

"नमाज मी आजही चुकवत नाही," ते म्हणाले. "पण धर्मगुरूची पगडी दाखवून मत मागणाऱ्याला मत? या हातानं आता नाही."

ऑक्टोबर 2019 मध्ये बगदादच्या तहरीर चौकात लोक उतरले तेव्हा 'धर्माच्या नावानं चोरांनी आम्हाला लुटलं' अशी घोषणा होती. हे ओरडणारी बहुतेक पोरं शियाच होती, आणि ज्यांच्याविरुद्ध ओरडत होती ते पक्षही शिया. जखमींना तीनचाकी रिक्षांतून दवाखान्यात नेत होते. सुमारे 600 माणसं मारली गेली. पंतप्रधान अदिल अब्दुल महदींना जावं लागलं, पण वाटणी तशीच राहिली. 2021 च्या निवडणुकीत तर परदेशातल्या इराकींना मतदानच ठेवलं नाही. चाचा हे सांगताना फार चिडतात, आणि मला त्यांचा राग पूर्ण पटतो. देश सोडावा लागलेल्या माणसाकडून मतही काढून घेणं हा अन्याय आहे.

बसऱ्याचा एक पोरगा तिथे नेहमी पाण्याचा ग्लास नाकाशी नेऊन मग पितो. 2018 मध्ये त्याच्या शहरात नळाच्या पाण्यानं एक लाखाहून जास्त लोक दवाखान्यात गेले होते. ताई त्याला ओरडत नाहीत. त्याच्यासमोर फिल्टरमधून जग भरून आणतात.

आता कामाचं. मासा दुपारी बारापर्यंत फोन करून सांगावा लागतो. ऐनवेळी गेलात तर "नाही भाऊ, आज नाही" ऐकून यावं लागेल. दीड किलोचा कटला चौघांना पुरतो, मला 900 रुपये पडले. जागा अडचणीची आहे, आणि एका मोठ्या कुटुंबाला बाहेर उभं राहावं लागलेलं मी पाहिलंय. गाडी गल्लीत नेऊ नका. वेळ काढून जा, कारण चाचा रिकामे असले तर बोलतात, आणि त्यांना घाईत असलेलं गिऱ्हाईक आवडत नाही. शाकाहारींसाठी भाताशिवाय फारसं काही नाही; वांग्याचा एखादा पदार्थ वाढवा असं मी ताईंना सांगून आलेय.