जुन्या फोर बाय फोरला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी गाडी कशी आहे ते सांगतो, कारण पॉवर स्टिअरिंग बसवावं की नाही याचं उत्तर गाडीगणिक बदलतं. पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आस), चारही कोपऱ्यांना पाटे, रीसर्क्युलेटिंग बॉल (आत गोळ्यांवर सरकणारा नट) जातीचा साधा स्टिअरिंग बॉक्स, गुणोत्तर 24 ला 1 (स्टिअरिंग 24 अंश फिरवलं की बॉक्सचा बाहेरचा दांडा 1 अंश फिरतो), टायर 31 इंची. पुढच्या अ‍ॅक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) नाही. बसवलेलं किट इलेक्ट्रिक, कॉलमवरचं. म्हणजे डॅशबोर्डखाली कॉलमलाच मोटर, आणि मदत कमी-जास्त करायला एक छोटा नॉब. आठ महिन्यांत गाडी दगडी वाटा, वाळू, चिखल आणि डांबरी रस्ता अशी सगळीकडे चालली. किट काढून टाकावंसं वाटलेलं नाही. पण पुढचा अ‍ॅक्सल आणि बॉक्स नीट केल्याशिवाय ते कुणी बसवू नये, हे मात्र ठासून सांगावंसं वाटतं.

कारण साधं आहे. कॉलमवरची मोटर स्टिअरिंग बॉक्सच्या अलीकडे बसते. तिचा सगळा जोर खालच्या शाफ्टमधून, यूजे क्रॉसमधून (कोनातून फिरणारा शाफ्टचा सांधा) आणि बॉक्सच्या वर्ममधून (आतला स्क्रूसारखा दांडा) पुढे जातो. हे भाग मुळात माणसाच्या दोन हातांच्या जोराचा हिशोब धरून बनवलेले असतात. हाताला जड लागलं की माणूस थांबतो, मोटर थांबत नाही. त्यामुळे जड स्टिअरिंगमागचं खरं कारण घासलेलं किंगपिन (ज्या खुंटीभोवती पुढचं चाक वळतं ती) असेल, तर मोटर ते दुरुस्त करत नाही. फक्त आपल्याला कळेनासं करते आणि घासणं चालूच राहतं.

म्हणून किटचा विचार करण्याआधी जडपणा कुठून येतो ते शोधा. एका सकाळचं काम आहे. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, स्टँड लावा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाकं हवेत असतानाही जड लागत असेल तर दोष टायरचा नाही. मग ड्रॅग लिंक (बॉक्सचा जोर चाकांकडे नेणारा दांडा) सोडवा. आता स्टिअरिंगला फक्त बॉक्स जोडलेला आहे, तेव्हा ते एका बोटाने फिरलं पाहिजे. मध्यभागी येताना अडत असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी प्ले (स्टिअरिंगची मोकळी हालचाल) घालवण्यासाठी वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू जास्त पिळलेला असतो. हा प्रकार जुन्या गाड्यांत फार दिसतो. स्क्रू पिळून प्ले तात्पुरता जातो, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येणं बंद होतं आणि वर्म मधल्या भागात झिजतो. बॉक्समधल्या तेलाची पातळीही याच वेळी बघा. अनेक बॉक्स वर्षानुवर्षं कोरडे चालत असतात.

बॉक्स मोकळा निघाला तर नकलकडे (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) वळा. टाय रॉडही (दोन्ही नकल जोडणारा दांडा) सोडवा आणि प्रत्येक नकल स्प्रिंगच्या तोलकाट्याने ओढून बघा. दोन्ही बाजूंचे आकडे जवळपास सारखे आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत हवेत. एक बाजू खूप जड असेल तर तिथल्या किंगपिनचं बेअरिंग कोरडं आहे किंवा शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) चुकीचे पडलेत. हे सगळं ठीक करून, टायरमध्ये योग्य हवा भरून आणि टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) तपासून झाल्यावर गाडी जमिनीवर उभी करून पुन्हा मोजा. तोलकाटा स्टिअरिंगच्या कडेला अडकवा आणि कडेच्या रेषेत ओढा. 40 सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर 20 किलोचा ओढा म्हणजे सुमारे 39 न्यूटन मीटर. गाडी उभी असताना एवढं लागलं, पण चाकं जराशी फिरू लागताच निम्म्याहून खाली आलं, तर मोटरशिवाय भागतं. अरुंद टायर आणि हलक्या इंजिनाच्या गाडीला किट बसवणं म्हणजे नुसतं वजन आणि वायरिंग वाढवणं.

पॉवर स्टिअरिंग खरंच लागतं ते टायर रुंद झाल्यावर, रिम बाहेर निघाल्यावर, पुढे विंच (दोराने गाडी ओढून काढणारं यंत्र) आणि जड बंपर आल्यावर. रिम जितकी बाहेर, तितका टायर किंगपिनच्या रेषेपासून लांब घासतो आणि दगडाचा धक्काही तितकाच जोरात हातात येतो. पुढे लॉकर असेल तर प्रश्नच उरत नाही. लॉक लागल्यावर पुढची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरू पाहतात, गाडी सरळच रेटते आणि साधं स्टिअरिंग जागचं हलत नाही.

हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक, हा खरा निवडीचा मुद्दा. हायड्रॉलिकमध्ये तेलाचा दाब बॉक्सच्या आतच काम करतो, म्हणून कॉलम आणि क्रॉसवर फक्त हाताचा भार राहतो. 33 इंचांपुढचे टायर किंवा लॉकर असलेल्या गाडीला तेच योग्य. शिवाय बॉक्सच बदलत असल्याने गुणोत्तरही खाली येतं, 24 ला 1 वरून साधारण 16 ला 1 पर्यंत. कॉलमवरच्या इलेक्ट्रिकमध्ये बॉक्स जुनाच राहतो. त्यामुळे स्टिअरिंग हलकं होतं, पण चटकन वळत नाही. आधी टोकापासून टोकापर्यंत पाच फेरे लागत असतील तर आताही पाचच लागतील. अनेकांचा इथे अपेक्षाभंग होतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

इलेक्ट्रिकच्या बाजूने दोन गोष्टी. पंप, पट्टा, पाइप, गळती यातलं काही नाही. आणि इंजिन बंद पडलं तरी, किल्ली चालू असेल तोवर मदत मिळते. काही कंट्रोलर (मोटरची मदत ठरवणारी डबी) इंजिन चालू असल्याचा सिग्नल मागतात, ते घेण्याआधी विचारून घ्या. चढावर इंजिन बंद पडून गाडी मागे घ्यावी लागते, तेव्हा या एका गुणाची किंमत कळते. हायड्रॉलिकवाला त्या क्षणी पंपाविना असतो. ही इलेक्ट्रिक जात मुळात हलक्या मोटारींसाठी निघाली, 1988 मध्ये सुझुकी सर्व्होसारख्या इवल्याशा गाडीत ती आली. तिच्याकडून ट्रकच्या ताकदीची अपेक्षा ठेवू नये.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ कॉलमखालच्या शाफ्टवर घालवा. मोटरमुळे वरचा कॉलम जाड होतो आणि त्याची रेषा बदलते, त्यामुळे बॉक्सकडे जाणारा कोन वाढतो. एका क्रॉसचा कोन 30 अंशांच्या आत ठेवा. दोन क्रॉस असतील तर मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत हवेत आणि दोन्ही कोन सारखे. काटे चुकले की एका फेऱ्यात स्टिअरिंग दोनदा हलकं आणि दोनदा जड लागतं. साध्या स्टिअरिंगवर हे सहन होतं. मोटरवर ते विचित्र होतं, कारण टॉर्क सेन्सर त्या चढउताराला हाताचा जोर समजून मदत कमी-जास्त करत राहतो. तीन क्रॉस लागत असतील तर मधल्या शाफ्टला आधाराचं बेअरिंग द्यावंच लागतं, नाहीतर शाफ्ट दोरीउडीसारखा फिरतो.

कॉलम कसताना तो ताणात बसता कामा नये. ब्रॅकेटची भोकं जुळत नाहीत म्हणून पहारीने ढकलून बोल्ट घातला, तर आतल्या टॉर्शन बारवर (हाताचा जोर मोजायला पिळली जाणारी सळई) कायमचा पीळ राहतो. सेन्सर शून्यावर येत नाही आणि गाडी स्वतःहून एका बाजूला ओढते. तपासायची रीत अशी: पुढची चाकं हवेत, किल्ली चालू, हात स्टिअरिंगपासून दूर. स्टिअरिंग केसभरही स्वतःहून सरकलं तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. बोल्ट सैल करा, कॉलम आपोआप बसेल तिथे बसू द्या, गरज असेल तर वॉशर घाला आणि मग कसा.

वायरिंगमध्ये काटकसर चालत नाही. जोर लागतो तेव्हा अशी मोटर 40 ते 60 अँपिअर ओढते. बॅटरीपासून दोन मीटर लांब 10 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली, तर जाऊन-येऊन 50 अँपिअरला साधारण 0.35 व्होल्ट पडतात. 4 चौरस मिलिमीटरची घातली तर जवळजवळ 0.9 व्होल्ट, आणि वायर तापते ती वेगळीच. फ्यूज 60 अँपिअरचा, बोल्टने कसायचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. जुन्या बॉडीच्या गंजक्या पत्र्यावर दिलेलं अर्थिंग कोरड्यात चालतं आणि पावसात दगा देतं. 35 अँपिअरच्या जुन्या ऑल्टरनेटरवर हे किट आणि दिवे एकत्र चालणं कठीण. 65 अँपिअरच्या पुढचा हवा, आणि आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन हळू फिरत असताना) तो किती देतो तेही बघा, कारण दगडातली सगळी कसरत आयडलच्या आसपासच होते.

अ‍ॅक्सलवरचे स्टॉप बोल्ट ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. वळण संपतं तिथे नकल स्टॉपला टेकली पाहिजे, बॉक्सचा नट आतल्या टोकाला टेकता कामा नये. ड्रॅग लिंक सोडवून बॉक्सचे एकूण फेरे मोजा, जोडून पुन्हा मोजा. दुसरा आकडा कमी आला पाहिजे आणि दोन्ही टोकांना थोडी जागा शिल्लक राहिली पाहिजे. ती नसेल तर मोटर रोज बॉक्सला आतून ठोकत राहील.

आता वापर. वाळूत हवा 15 पीएसआयपर्यंत उतरवल्यावर टायर पसरतो आणि साधं स्टिअरिंग खांदे दुखवतं. तिथे या किटचं सोनं होतं. दगडांत वळण सोपं होतंच, त्याहून मोठा फायदा म्हणजे धक्का कमी बसतो. मोटरचं वजन आणि तिच्या वर्मचं घर्षण मध्ये आल्याने स्टिअरिंग हातातून हिसकत नाही. तरी अंगठे आऱ्यांच्या आत घालायची सवय नको, कारण मदत कधी जाईल ते सांगता येत नाही.

याच गुणाची दुसरी बाजू धोक्याची आहे. टायर दोन दगडांच्या चिमट्यात अडकला की पूर्वी हातालाच कळायचं. आता स्टिअरिंग वळत राहतं आणि ड्रॅग लिंक वाकू लागते. उभ्या गाडीत जोर लावायचा नाही. गाडी इंचभर तरी पुढे-मागे सरकवत वळवायची. खोल चाकोरीतही तेच. चाकं सरळ आहेत की वळलेली हे कळत नाही, आणि चाकोरी संपताच गाडी एकदम बाजूला उडी घेते. स्टिअरिंगच्या बरोबर वर रंगीत टेपची पट्टी चिकटवल्यावर हा प्रश्न सुटला. आठ महिन्यांतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी भर हीच.

डांबरी रस्त्यावर किट जरा मागे पडतं. या कंट्रोलरला वेगाचा सिग्नल नाही, त्यामुळे मदत स्थिर राहते. नॉब पूर्ण उघडा ठेवून 70-80 च्या वेगाने गेलं तर गाडी नको तितकी हलकी लागते आणि वळणानंतर स्टिअरिंग आळसाने परत येतं. नॉब एक चतुर्थांशावर आणला की फरक पडतो. वेगाचा सिग्नल घेणारा कंट्रोलर मिळत असेल तर तोच घ्यावा. साध्या स्टिअरिंगच्या गाड्यांना हलकं राहावं म्हणून कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकाव) मुळात कमी, 3 अंशांच्या आसपास ठेवतात. मोटर आल्यावर तो पाचर घालून 5 अंशांपर्यंत नेता येतो आणि सरळ येणं सुधारतं. मात्र पाचरीमुळे अ‍ॅक्सल फिरतो, डिफरन्शिअलचं नाक खाली झुकतं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो. उंची वाढवलेल्या गाडीत हा हिशोब आधी करा.

विंच चालू असताना मदत जाते, हे गृहीत धरा. पूर्ण भारावरचा मोठा विंच 12 व्होल्टवर 400 अँपिअरच्या आसपास ओढतो. व्होल्टेज कोसळतं आणि कंट्रोलर बंद होतो. विंच थांबला की तो काही वेळा आपोआप उठतो, काही वेळा किल्ली बंद-चालू करावी लागते. म्हणून दोर ताणण्याआधीच चाकं हव्या त्या दिशेला लावून ठेवावीत.

पाण्याबद्दल थोडक्यात: मोटर गाडीच्या आत राहणारी, पाण्यात भिजायला बनवलेली नाही. कनेक्टरचं तोंड खाली, कंट्रोलर डॅशबोर्डखाली जितका वर जाईल तितका वर, आणि आत प्रेशरचं पाणी मारायचं नाही. लांब दगडी टप्प्यात मोटर तापून मदत हळूहळू कमी होते. तो बिघाड नाही, संरक्षण आहे. दहा मिनिटं थांबलं की पूर्ववत.

झीज कुठे झाली? मोटर आणि तिचा वर्म ठीक आहेत. खालच्या क्रॉसमध्ये किंचित प्ले आला आहे. बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट पहिल्या महिन्यात दोनदा कसावे लागले. दर महिन्याला एकाने उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून बॉक्सवर हात ठेवायचा. बॉक्स चेसिसच्या तुलनेत हलला, किंवा बोल्टाजवळच्या रंगात केसासारखी रेघ दिसली, तर चेसिसला तडा जाऊ लागला आहे. मागून प्लेट लावल्याशिवाय ती गाडी चालवू नये. नुसतं वेल्डिंग मारून भागत नाही, तडा शेजारून पुन्हा निघतो.

आणि किट बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात, मोकळ्या सपाट मैदानात, 60 अँपिअरचा फ्यूज काढून गाडी चालवून बघा. मोटर ओढत नेण्यामुळे स्टिअरिंग मूळ जडपणापेक्षाही थोडं जड लागेल. तशा अवस्थेत गाडी वळवता येत नसेल, तर टायर किंवा रिम बदलण्याचा विचार आधी करा. सुटा फ्यूज आणि त्याचे नट उघडणारा पाना डॅशबोर्डच्या कप्प्यात असू द्या.