ऊतक-जुळणी तपासणी सेवा: एका दात्याचा अभिप्राय

धाकट्या बहिणीच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी तिचे पती आणि मी, असे दोघे दाते म्हणून पुढे आलो. आम्हा तिघांच्या एचएलए (ऊतकांची ओळख ठरवणारी, पेशींवरील प्रथिने) तपासण्या, क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिक्रिया होते का, याची चाचणी) आणि त्यानंतरचे समुपदेशन ज्या प्रयोगशाळेकडून झाले, तिच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे.

अहवालाच्या पहिल्या पानावर ए, बी आणि डीआर या प्रकारांच्या प्रत्येकी दोन एचएलए प्रतिजनांपैकी (शरीराला परक्या वाटू शकणाऱ्या खुणांपैकी) किती जुळत नाहीत, हे दाखवणारा ० ते ६ यांमधील आकडा असतो आणि बहुतेक कुटुंबे त्यालाच अंतिम निकाल समजतात. समुपदेशक डॉक्टरांनी हा समज पहिल्याच भेटीत दूर केला. एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असून बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. त्यामुळे सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता २५ टक्के, अर्ध्या जुळणीची ५० टक्के आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के असते, हे त्यांनी कागदावर चार चौकटी आखून दाखवले. बहिणीची आणि माझी जुळणी अर्धी निघाली, मेहुण्यांची त्याहून कमी. तरीही केवळ तेवढ्यावरून त्यांना बाद करता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले, कारण १९९५ साली तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडीदाराने दिलेल्या मूत्रपिंडांपैकी ८५ टक्के तीन वर्षांनंतर कार्यरत होती, तर मृत दात्यांच्या बाबतीत हे प्रमाण ७० टक्के होते.

मेहुण्यांचे दान अडले ते प्रतिपिंडांमुळे, म्हणजे परक्या प्रतिजनांवर हल्ला करणाऱ्या रक्तातील प्रथिनांमुळे. गरोदरपणात बाळाकडे वडिलांकडून आलेल्या प्रतिजनांविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, आणि माझ्या बहिणीच्या बाबतीत तेच झाले होते. क्रॉसमॅचमध्ये तिच्या रक्तद्रवात मेहुण्यांच्या लसिकापेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मिसळल्या, तेव्हा त्या मेल्या आणि मेलेल्या पेशी ओळखण्यासाठी वापरलेला रंग त्यांत शिरला. माझ्या पेशी मात्र शाबूत राहिल्या. हा फरक डॉक्टरांनी मेहुण्यांना ज्या हळुवारपणे समजावला, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

नमुना घेण्यापूर्वीच बहिणीच्या आजाराचे मूळ कारण विचारले गेले, हेही योग्यच होते, कारण बहुपुटी मूत्रपिंडासारखा (मूत्रपिंडात पाण्याने भरलेल्या अनेक गाठी होण्याचा) आनुवंशिक आजार असता तर दात्याच्या स्वतःच्या जनुकांची तपासणी आधी करावी लागली असती.

एक उणीव मात्र गंभीर आहे. मूळ तपासणीत डीक्यू या आणखी एका एचएलए प्रतिजनाचा समावेश नव्हता. प्रत्यारोपणानंतर नव्याने तयार होणारी प्रतिपिंडे बरेचदा डीक्यूविरुद्धच असतात आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होण्याशी त्यांचा संबंध आढळला आहे, असे असताना ही तपासणी आम्हाला स्वतंत्रपणे मागून घ्यावी लागली आणि त्यासाठी पुन्हा रक्त द्यावे लागले. शिवाय प्रतिपिंडांच्या पानावर नुसते आकडे होते, त्यांचा अर्थ सांगणारी एक ओळही नव्हती. समुपदेशनाची वेळ न मिळालेल्या कुटुंबाने ते पान वाचायचे तरी कसे? येथे जाणाऱ्यांनी पहिल्याच नमुन्याच्या वेळी डीक्यूची लेखी मागणी करावी आणि शस्त्रक्रियेच्या अगदी आधी ताज्या रक्तावर क्रॉसमॅच पुन्हा होणार का, हेही विचारून घ्यावे.